खुळखुळ्यावरची दुसरी रेघ

माझं निदान चुकत नाही, असं मी म्हणत नाही. ते आमची गिऱ्हाइकं म्हणतात, मी फक्त त्यांना अडवत नाही. बावीस वर्षं मी बाबांच्या गॅरेजमध्ये इंजिनात हात घालते आहे. सुरुवातीला लोक मला बघून विचारायचे, "मास्तर कुठे आहेत?" आता बाबा समोर उभे असले तरी विचारतात, "ताई कुठे आहेत?" बाबा हसतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. ते मला वकीलबाई म्हणतात, कारण एकदा मत दिलं की मी ते मागे घेत नाही. एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी कशी जिरली ते नीट कळेल.

गोष्ट अंगठ्याएवढ्या एका भागाची आहे. इंजिन चालतं तेव्हा जळलेला थोडा धूर पिस्टनच्या कडेने खाली, इंजिनाच्या पोटात उतरतो. तो तिथे कोंडला की तेल खराब करतो, आणि दाब वाढला की जिथे सील दिसेल तिथून तेल बाहेर ढकलतो. म्हणून इंजिनाच्या डोक्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो हा धूर एका रबरी नळीतून पुन्हा इंजिनात जाळायला पाठवतो. कागदोपत्री त्याचं नाव पीसीव्ही व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्याला खुळखुळा म्हणतात, कारण तो काढून कानाजवळ हलवला आणि आतला दाणा वाजला, तर तो जिवंत. मुका राहिला, तर आत काजळी साचली आहे, बदला. दर मोठ्या सर्व्हिसला आम्ही तो काढून हलवतोच, गिऱ्हाइकाने सांगितलं असो वा नसो. मिनिटभराचं काम आहे.

आणि आमचा एक नियम आहे. बाबा आणि थोरले काका या दोघा भावांनी गॅरेज उघडलं त्या दिवशी तो घातला. काढलेला कुठलाही भाग एका माणसाच्या शब्दावर भंगारात जात नाही. काढणारा त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो, त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहितो आणि एक तिरकी रेघ मारतो. मग दुसरा माणूस तो भाग स्वतः तपासतो. पटलं, तर उलटी रेघ मारतो. फुली झाली की भंगार. इंजिन उघडण्यासारखं मोठं काम असेल, तर कामाच्या कार्डावरही अशीच फुली लागते. बाहेरचे मेकॅनिक आम्हाला हसतात. हसू देत.

थोरले काका आता गॅरेजमध्ये नाहीत. दहा वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. एका गाडीच्या चाकाचे नट सैल राहिले, नशिबाने गाडी दाराबाहेर जायच्या आत कळलं. त्याच दिवशी बाबांनी पुढच्या टेबलामागे एक खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "दादा, आजपासून तू फोन घे." काका दोन महिने त्या खुर्चीत बसले. मग यायचे बंद झाले. वर्षभरात त्यांची अशी अवस्था झाली, की कोणी त्यांना वेळ विचारली तरी ते काकूंकडे बघायचे. कान, डोळा, हात, यातलं एक गेलं की इंजिनापासून लांब व्हायचं, हे बाबांनीच सख्ख्या भावाला तोंडावर सांगितलं होतं.

त्या सोमवारी सकाळी मी मागच्या फळीवर नळीचा क्लिप शोधत होते. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला आणि खाली पडला. आतून खुळखुळे बाहेर आले. मोजले, अकरा होते. प्रत्येकाला तारेने बांधलेला पुठ्ठा, त्यावर बाबांचं अक्षर. सगळ्यात जुनी तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

मी एक उचलून सहज कानाशी हलवला. वाजला. दुसरा हलवला, तोही वाजला. पाच-सहा हलवले, सगळे ठणठणीत. चांगले, जिवंत व्हॉल्व्ह मेलेले समजून काढून टाकले होते. आमच्या गॅरेजमध्ये दिवसभर इंजिनं चालू असतात, सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कोणाला किती ऐकू येतं हे कळायला वावच नाही. पण हा दाण्याचा आवाज बारीक असतो. तो बाबांपर्यंत पोचतच नव्हता.

घर गॅरेजच्या वरच आहे. मी जिना चढून आईला गाठलं.

"आई, बाबांना कमी ऐकू येतं का गं?"

"आत्ता विचारतेस?" आई म्हणाली. "वर्ष झालं, या घरात मी बोलत नाही, भाषण करते. आमच्याकडे रोज कुठली भाजी आहे ते शेजारणीला पाठ असतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी बजावलंय, तिला काही बोलायचं नाही म्हणून. आणि तू कधी गं कोणाचं बोलणं थांबून ऐकतेस? अर्ध्या वाक्यात तुझं उत्तर तयार असतं."

हे मी मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला वेळच नव्हता, कारण माझं उत्तर तयार झालं होतं. उद्या एखाद्या गाडीचा ब्रेक घासतोय आणि तो त्यांना ऐकू आला नाही तर? त्यांनी स्वतः घातलेली अट होती, ती त्यांनाही लागू. मी आतल्या खोलीतली हाताची खुर्ची उचलली, वर एक उशी ठेवली आणि जिन्यावरून खाली आणली. टेबलामागे, जिथे काका बसायचे बरोबर तिथेच ठेवली. दुपारपर्यंत बाबांना सांगायचं असं ठरवून टाकलं. काकांचं काय झालं ते मला दिसत नव्हतं असं नाही. उशी लावताना डोळे भरून आले होते. पण खुर्ची ठेवली.

तेवढ्यात सिस्टरची गाडी दारात आली. सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. गाडी छोटी, पांढरी, आणि खालून तेलाने माखलेली. दोन आठवड्यांपूर्वी हीच तक्रार घेऊन त्या आल्या होत्या. बाबांनी खुळखुळा काढला होता, नवा मी बसवला होता. तरी तेल गळतच होतं.

"आज तर कमाल झाली," सिस्टर म्हणाल्या. आवाज खणखणीत, दिवसभर म्हाताऱ्यांशी बोलून कमावलेला. "तेल मोजायची ती कांडी आपोआप वर आलीय. सगळीकडे तेलच तेल."

मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. आतून भस भस धूर आला. कांडी दाबाने वर ढकलली गेली होती. एवढं बघितलं आणि माझं निदान झालं. खुळखुळा नवाच आहे, तरी पोटात एवढा दाब, म्हणजे धूर अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचीसुद्धा मला गरज वाटली नाही.

"इंजिन उघडावं लागेल, सिस्टर. चार दिवस."

"चार दिवस?" त्या मटकन गाडीच्या कडेला टेकल्या. "अहो ताई, माझे बावीस पेशंट आहेत. एका आजोबांच्या पायाची पट्टी रोज बदलावी लागते, एक दिवस चुकली तर पाय चिघळतो. चार दिवस मी काय चालत जाऊ?"

"इलाज नाही. शंभर टक्के रिंगा आहेत."

मी कार्ड लिहिलं, 'इंजिन उघडणे', खाली माझी तिरकी रेघ ओढली आणि बाबांकडे निघाले. मनात म्हटलं, दुसरी रेघ घेतानाच खुर्चीचंही सांगून टाकू. दोन्ही कामं एका फेरीत.

बाबा शिकंज्यात काहीतरी पकडून घासत होते. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांना मी दिसले. कार्ड हातात घेतलं, वाचलं, पेन्सिल उचलली. पण रेघ मारली नाही. पेन्सिल कानामागे खोचून ते सिस्टरसमोर जाऊन उभे राहिले, अगदी त्यांच्या तोंडाकडे बघत.

"सिस्टर, एका घरापासून दुसरं घर किती लांब?"

"चार मिनिटं, फार तर पाच."

"तिथे गेल्यावर गाडी बंद?"

"बंद. पंधरा-वीस मिनिटांनी परत चालू."

"आणि लांब कुठे जाता?"

"वेळ कुठे असतो, मास्तर? रविवारी झोपते."

बाबांनी मान हलवली. "म्हणजे इंजिन तापायच्या आधीच तुम्ही ते बंद करता. पोटातली वाफ बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ती तेलात मिसळते, त्याचा लगदा होतो आणि जिथे वळण असेल तिथे बसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलबाई, गाडी चालू कर."

मी किल्ली फिरवली. जरा रागातच, कारण हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि मला तो सुचलाच नव्हता. बाबांनी नव्या खुळखुळ्याला नळीसकट त्याच्या रबरातून वर ओढलं आणि त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला. क्षणभर ठेवला, काढला, परत ठेवला.

"ये इकडे. तुझा ठेव."

मी ठेवला.

"काय लागतंय?"

"काहीच नाही," मी म्हणाले. मग त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "काही ओढत नाही."

"इंजिन चालू असताना इथे अंगठ्याला ओढ लागायला पाहिजे. खुळखुळा नवा आहे, म्हणजे तो नाही अडवत. मग?"

मी नळीकडे बघितलं. नळी वळून पार इंजिनाच्या मागे जात होती. अडकलं होतं ते नळीत.

"नवा बसवल्यावर अंगठा लावून बघितला होतास?"

नव्हता. सिस्टर घाईत होत्या, हॉर्न वाजवत होत्या, आणि मी बंद इंजिनावरच व्हॉल्व्ह खोचून बॉनेट आपटलं होतं. जो बसवतो त्याने अंगठा लावायचा, हे मला सोळाव्या वर्षी शिकवलेलं. ते मी विसरून बसले होते.

इंजिन बंद करून मी नळी काढली आणि एका टोकाने फुंकर मारली. माझे गाल फुगले, दुसऱ्या टोकाला वाऱ्याची झुळूक नाही. वळणावर कापली तेव्हा आत करडा, कडक लगदा ठासून भरलेला. नळी जिथे इंजिनाला जोडते तिथलं भोकही निम्मं बुजलेलं होतं. ते मी तारेने मोकळं केलं, नवी नळी घातली, गाडी चालू केली आणि अंगठा ठेवला. तो चपकन आत ओढला गेला.

बाबांनी तेलाच्या उघड्या तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. मघाशी तिथून धूर उसळत होता. आता कागद आत ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला.

"आता कॉम्प्रेशन बघ," बाबा म्हणाले.

बघितलं. चारी सिलिंडर तरण्याताठ्या पोरांसारखे. रिंगांना काहीएक झालं नव्हतं. माझ्या कार्डावरची ती ऐटदार तिरकी रेघ मला बघवेना.

सिस्टर सगळा वेळ कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "म्हणजे ताई, पेशंटची नळी तुंबली होती आणि तुम्ही छाती फाडायला निघाला होतात."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाबा मात्र पोटभर हसले. त्यांना हे बरोबर कळलं होतं.

"सिस्टर," बाबा म्हणाले, "आठवड्यातून एकदा अर्धा तास सरळ रस्त्याने गाडी पळवा, इंजिन चांगलं तापू दे. बाकीच्यांना वर्षा-दोन वर्षांनी खुळखुळा दाखवला तरी चालतो. तुमच्या गाडीला नाही चालणार. दर तेलबदलाला तो काढायचा, हलवायचा आणि नळीत फुंकायचं. आणि कांडी वर आली, तेल गळायला लागलं, झाकणाखाली लोण्यासारखं काही दिसलं, तर तशाच या, थांबू नका."

मी कांडी नीट बसवली, तेल पुसलं, पुरं केलं. सिस्टर गाडीत बसल्या. जाता जाता काच खाली करून मला हळूच म्हणाल्या, "मास्तरांच्या समोर उभं राहून बोलत जा. मी पहिल्या दिवसापासून तसंच बोलते." आणि आजोबांच्या पायाकडे निघून गेल्या. परक्या बाईला पहिल्या दिवशी कळलं ते मला, पोटच्या मुलीला, आठ महिने कळलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मी वळले तर बाबा टेबलापाशी उभे. खुर्चीकडे बघत होते. उशीवर त्यांनी एक हात ठेवला होता.

"ही कोणासाठी?"

सकाळपासून घोकलेलं भाषण माझ्याजवळ तयार होतं. ते तसंच राहू दिलं. मी मागे गेले, बिस्किटांचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या समोर उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे करून.

"हे वाजतात, बाबा."

"वाजत असतील," ते शांतपणे म्हणाले. "मला ऐकू येत नाहीत. ज्याची खात्री नाही तो मी बदलतो. नवा बसला तर गाडीचं वाईट होत नाही, जुना अडकलेला राहिला तर होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कान माझे आहेत. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी डब्यातला एक खुळखुळा उचलला आणि त्याचा पुठ्ठा माझ्यापुढे धरला. गाडीचा नंबर, तारीख, एक तिरकी रेघ. दुसरा उचलला. एक रेघ. तिसरा. एकच रेघ.

"दादाला मी खुर्ची दाखवली," बाबा म्हणाले. "त्याला विचारलं नाही, हात थरथरतो तर दुसरं काय जमेल. ते मला अजून टोचतं. स्वतःची वेळ आली तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. म्हटलं, नियम आहेच. वकीलबाई दुसरी रेघ मारायला येईल, हलवेल, वाजलेला ऐकेल, मग तिलाच कळेल. म्हणून एकही भंगारात टाकला नाही. सगळे इथे ठेवले, तुझ्या फळीवर."

ती फळी मी दर शनिवारी पुसते. डबा उचलून, खाली फडकं मारून, परत तिथेच ठेवते.

"आठ महिने वाट बघितली," ते म्हणाले. "तू आलीच नाहीस."

बाबांनी काढलाय म्हणजे तपासायला काय हवं, हे माझं उत्तर. ते खरंही होतं, पण नियमाला पुरत नव्हतं. मी रडले. गॅरेजमध्ये, भर दुपारी, तेलकट हातांनी डोळे पुसत. बाबांनी मला रडू दिलं आणि स्वच्छ फडकं पुढे केलं, कारण तेल डोळ्यात गेलं की आग होते.

"ब्रेकचं काय?" नाक पुसत मी विचारलं. वकीलबाई ती वकीलबाईच. "घासला आणि ऐकू आला नाही तर?"

"ब्रेकला मी आठ महिन्यांत एकट्याने हात लावलाय का? आठव."

मी आठवलं. प्रत्येक ब्रेक त्यांनी मला हाक मारून दाखवला होता. मला वाटायचं, वय झालं, बडबड वाढली.

"आणि डॉक्टरांकडे उद्या जायचं. कान तपासायला," मी म्हणाले.

"जाऊ. तू चल. ते काय म्हणतात ते ऐकायला कोणीतरी लागेलच." मग अंगठा वर करून म्हणाले, "नळी मोकळी आहे का ते याला कळतं. आतला दाणा मोकळा आहे का ते तुझ्या कानाला कळेल. अजून काम होतं, फक्त दोघांनी करायचं."

मी खुर्ची उचलली आणि दाराजवळ भिंतीला लावली, गिऱ्हाइकं उभी असतात तिथे. बाबांनी उशी नीट केली. सिस्टरला पुढच्या वेळी बसायला होईल, म्हणाले.

मग आम्ही टेबलावर डबा उपडा केला. ते एकेक पुढे करत होते, मी कानाशी हलवत होते आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगत होते. वाजतो. वाजतो. हाही वाजतो. सकाळी पाच-सहा हलवून मी निकाल लावला होता. आता अकराच्या अकरा हलवले, एकही न सोडता. त्यातले दहा वाजले. अकरावा मी हलवला, परत हलवला, दुसऱ्या कानाला लावला. मुका होता. आत काही हलतच नव्हतं.

त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून मी त्या पुठ्ठ्यावरच्या रेघेवर उलटी रेघ मारली.

"फुली?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

"फुली," मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने सांगितलं. वरच्या खिडकीतून आई म्हणाली, काय ओरडताय दोघं, शेजारीण विचारतेय.